बादलीची तिसरी फेरी

"हे राहूनच गेलतं."

बादली पुढे करत ती एवढंच म्हणायची. बादलीत कांद्याचं एक साल, कधी संपलेला सेल, कधी नुसता दोऱ्याचा गुंता. चेहरा मात्र असा, की हा गुंता घरात राहिला असता तर गावात साथ पसरली असती.

तुमच्या गल्लीतही अशी कोणी असेल. नीट बघा. जे सगळ्यांत कमी कचरा घेऊन सगळ्यांत जास्त वेळा येतात, ते कचरा टाकायला आलेले नसतात.

वर्ध्यातल्या आमच्या गल्लीत कचरा गोळा करण्याचे प्रयोग चालले होते, तेव्हाची ही गोष्ट. आधी घरोघरी दोन डबे आले. हिरवा ओल्याचा, निळा सुक्याचा, आणि घंटागाडी दारावर. लोकांनी ओला आणि सुका हे शब्द अगदी मनावर घेतले. त्यात वर्ध्याचा उन्हाळा. भाजीची सालं गच्चीवर कुरड्यांच्या शेजारी वाळू लागली आणि कुरकुरीत होऊन निळ्या डब्यात जाऊ लागली. एका काकांनी भिजलेला पेपर हिरव्या डब्यात टाकला आणि वर मलाच विचारलं, "ओला नाई तर काय हाये हा?"

मग दुसरा प्रयोग. घंटागाडी बंद. चौकात हिरवा, निळा आणि लाल असे तीन ड्रम. प्रत्येक घरानं आपला कचरा आपण आणून टाकायचा. मी तिथे मदतनीस म्हणून उभी राहायचे. मी पत्रकांच्या घरात वाढले. आमच्याकडे पाहुण्याला चहाच्या आधी पत्रक मिळायचं. त्यामुळे हा प्रयोग मला मनापासून पटला होता. घाण करणारा वर आणि ती उचलणारा खाली, ही उतरंड शिकलेल्या लोकांनाही खुपत नाही, याचा मला संताप येतो. "ज्याची घाण, त्याचे हात" असं पत्रक लिहून मी गल्लीभर वाटलं होतं.

आणि या प्रयोगानं तिला घराबाहेर आणलं.

ती किराणा दुकानाच्या वरच्या माडीवर राहायची. दुकान सासऱ्यांचं. नवरा दिवसभर गल्ल्याजवळ, मुलगा पुण्याला. वय चाळिशीच्या पुढचं. कपाळावरून पदर कधी ढळला नाही. पहिल्या दिवशी ती हिरवी बादली घेऊन आली, ड्रममध्ये रिकामी करून गेली आणि थोड्या वेळानं निळी घेऊन आली.

ड्रमवर शेवंताबाई असायच्या. आधी त्या घंटागाडीवर होत्या. जिभेला धार, पण कापत नसे. त्या म्हणाल्या, "काय वो वैनी, घरात कचरा थोडा अन् फेऱ्याच लय."

"दोन्ही संगं आणलं तं मिसळते ना."

"झाकण हाये ना बादलीले."

"झाकणाचा काय भरवसा वो, बाई."

दुसऱ्या दिवसापासून तिसरी फेरीही सुरू झाली. लाल ड्रमसाठी. सेल, फुटका बल्ब, औषधाची रिकामी बाटली. "हे राहूनच गेलतं." एका घरात इतके सेल कसे संपतात, असं मी विचारलं. ती पदर तोंडाशी नेऊन हसली. "घड्याळं लय हायेत आमच्या घरी. येळ पाह्याचं काम नाई, तरी हायेत."

ती तिथे जरा वेळ रेंगाळायची. हळूहळू बोलू लागली. "आमच्या घरी सगळं दारावर येते, पोरी. भाजी दारावर, दूध दारावर. बांगडीवाली दारावर, ब्लाऊज शिवणारीही दारावर. लोक म्हणते, नशीबवान सून. मले कुठी जायचं कामच नाई ठेवलं." शेवटचं वाक्य ती सासरच्या कौतुकासारखं म्हणायची. ते कौतुक नव्हतं, हे तुम्हालाही कळेल.

आमच्या चौकातून नागपूरकडे जाणाऱ्या एसट्या जातात. तिचं माहेर केळझर, याच रस्त्यावर. आई वारली तेव्हा गेली होती, त्यानंतर जाणं नाही. सासऱ्यांना ती मामाजी म्हणायची. "मामाजी म्हणते, सोबत कोणी पाह्यजे. अन् सोबतीले कोणी मोकळं नसते." एसटी दिसली की ती पाटी वाचायची आणि मला सांगायची, "हे थांबते केळझरले." किंवा, "हे नाई थांबत." एवढंच.

एकदा एसटी आली आणि तिचा हात वर गेला. का गेला, ते तिलाही कळलं नसावं. गाडी थांबली. कंडक्टरनं दार उघडलं आणि तिच्या हातातल्या बादलीकडे पाहिलं. "मावशी, बादली घेऊन कुठी?"

तिनं बादलीकडे पाहिलं, मग आपल्या माडीकडे. "नाई, जाऊ द्या."

गाडी गेली. शेवंताबाई एरवी थट्टेची संधी सोडणाऱ्या नव्हत्या. त्या दिवशी त्यांनी नुसतं ड्रमचं झाकण लावलं.

चौकातला कचरा छान वेगळा होत होता. पण गल्लीतले मोठे लोक कुरकुरू लागले, आणि सगळ्यांत पुढे तिचे सासरे. आता तिसरा प्रयोग ठरत होता. कप्पे असलेली छोटी गाडी पुन्हा दारावर आणायची, की चौकच ठेवायचा? गल्लीला विचारायचं ठरलं. मी पत्रक लिहायला बसले. कचरा, श्रम, समता, सगळं भराभर उतरलं. पण तिच्यासाठी चौक हवा, हे लिहिता येईना. ते छापलं असतं तर तिच्या हातची बादलीही गेली असती. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं पत्रक, ज्यात खरं कारण नव्हतं.

सभा त्यांच्याच दुकानासमोर भरली. सासरे उभे राहिले. "आमच्या घरी सगळं दारावर येते. कचऱ्यालेच काऊन पाय लावता?" लोक हसले. मी बोलले, खूप बोलले. लोकांनी ऐकून घेतलं आणि घड्याळं पाहिली.

"चौक पाहिजे, त्यांनी हात वर करा," नगरपालिकेचे साहेब म्हणाले.

माझा हात वर गेला. शेवंताबाईंचाही गेला, पण तुम्ही या गल्लीतल्या नाही, असं कोणीतरी म्हणालं आणि तो त्यांनी खाली घेतला. मी सहज माडीकडे पाहिलं. ती गॅलरीत कपडे वाळत घालायच्या दोरीखाली उभी होती. हात वर होता. हातात कपडा नव्हता.

साहेब खालचेच हात मोजत होते. मी वर बोट दाखवणार होते. तिनं मान हलवली. नाही.

आता गाडी दारावर येते. गाणं वाजतं आणि माडीवरून दोरीला बांधलेली बादली खाली उतरते. आधी हिरवी, मग निळी. तिच्या सासूबाईंनी काढलेली युक्ती. जिनाही उतरायला नको. मला वरून फक्त बांगड्या आणि मनगट दिसतं.

परवा मी तिथून जात होते. गाडीवर शेवंताबाई होत्या. दोन्ही बादल्या वर गेल्या, ड्रायव्हरनं हॉर्न दिला, तरी शेवंताबाई हलल्या नाहीत. मान वर करून उभ्या राहिल्या. मग दोरी पुन्हा हलली आणि तिसऱ्यांदा बादली खाली आली.

मी डोकावून पाहिलं. रिकामी होती.

शेवंताबाईंनी ती दोरीतून सोडवली, लाल कप्प्यावर पालथी धरली, बुडावर दोनदा नीट थापटलं. पुन्हा दोरीला बांधली आणि वर पाहून म्हणाल्या, "आलं वो वैनी. राहूनच गेलतं."

दोरी लगेच ओढली गेली नाही.