आईच्या नावावर माझे डोळे

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला माझं डोकं सारखं दुखायचं, आणि फळ्यावरचं कधी दिसायचं, कधी नाही. आईला हे सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. लाटणं खाली ठेवून तिनं आधी खिडकी लावून घेतली. आमची देवासची कॉलनी म्हणजे सगळे एकाच कारखान्यातले, सगळे महाराष्ट्रातून नोकरीसाठी आलेले. मुलीला चष्मा लागला ही बातमी संध्याकाळपर्यंत शेवटच्या क्वार्टरला पोचली असती. त्यात इंदूरचं एक स्थळ आलेलं. मुलगा बँकेत, नोकरी कन्नौदला. रविवारी बघायला येणार होते.

म्हणून डोळे तपासायला आम्ही बुधवारी धारला गेलो. धार आईचं माहेर. वाटेत इंदूर लागतं, तिथे डोळ्यांचे डॉक्टर ढीगभर, पण स्थळवाल्यांचे नातेवाईकही ढीगभर. बाबांना सांगितलं, मामाकडे जातोय. बाबा साताऱ्याकडचे, सरळ माणूस, त्यांच्या पोटात काही राहत नसे. त्यांना कळलं असतं तर त्यांनी मुलाच्या वडिलांना आपणहून फोन करून सांगितलं असतं. आईचं माहेर संस्थानच्या काळापासून धारचं, आणि झाकून ठेवणं ही त्या घरची रीतच. रागानं म्हणतेय, पण खोटं नाही म्हणत.

दवाखान्यात कंपाउंडरनं मान वर न करता विचारलं, "नाम?"

आईनं स्वतःचं नाव सांगितलं.

मी तिच्याकडे बघतच राहिले. हे तिनं बसमध्येच ठरवून ठेवलं होतं. कागदावर तिचं नाव असलं म्हणजे कुणी ओळखीचं भेटलं तरी म्हणेल, बाईला चाळिशी लागली. त्यात काय मोठं. वय त्या माणसानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

डॉक्टर वयस्कर होते. डोळ्यांत औषध घालून त्यांनी तासभर बसवलं, मग अंधाऱ्या खोलीत नेऊन उजेड टाकून बघितलं. एक डोळा, दुसरा डोळा, आणि मग परत पहिला.

"बेटी, नंबर तो मामूली है. बात चश्मे की नहीं है."

डोळ्याच्या आत रक्ताच्या बारीक नळ्या असतात, त्या बाहेरून नुसत्या बघता येतात, शरीर न कापता, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. माझ्या नळ्या आकसल्या होत्या आणि दोनतीन ठिकाणी रक्त झिरपलं होतं. या वयात हे होता कामा नये, म्हणाले. पायांवर सूज येते का? सकाळी उठल्यावर डोकं जास्त दुखतं का? सूज येत होती, डोकं दुखत होतं. मग त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. ब्लड प्रेशर आणि किडनी, दोन्हीची तपासणी लगेच करायची, आठवडासुद्धा घालवायचा नाही. चिठ्ठीवर नाव अर्थात कागदावरचंच.

परतीच्या बसमध्ये आई म्हणाली, "रविवार होऊन जाऊ दे."

"आणि तोवर मला काही झालं तर?"

"चार दिवसांत काय होतंय? माझी शपथ आहे, घरी एक अक्षर बोलायचं नाही."

औषधामुळे मला खिडकीबाहेर नुसता उजेड दिसत होता. मी घाबरले होते आणि चिडलेही होते. पण सगळं तिच्यावर ढकलून मोकळी होणार नाही. स्थळ मलाही हवं होतं. त्या कॉलनीतून बाहेर पडायचा दुसरा रस्ता मला तेव्हा माहीत नव्हता.

गुरुवारी बाबा ड्यूटीवरून आले आणि मामानं दिलेली शेव शोधायला त्यांनी आईच्या पिशवीत हात घातला. हाताला चिठ्ठी लागली.

"हे काय आहे? किडनी?"

मला वाटलं, सुटले. आता हिला सांगावंच लागेल. आईनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अहो, मला जरा चक्कर येत होती म्हणून दाखवलं."

बाबांचा चेहरा मी त्याआधी कधी असा बघितला नव्हता. ते न्हाणीघरात गेले, नळ मोठा सोडला आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. शुक्रवारी त्यांनी रजा टाकली. या माणसानं तापातसुद्धा कधी रजा घेतली नव्हती. आईला स्कूटरवर मागे बसवून ते डॉक्टरकडे घेऊन गेले आणि आई त्यांच्यासोबत गेलीसुद्धा. दंडाला पट्टा बांधून घेतला, रक्त दिलं, लघवी दिली, सगळं निमूटपणे.

संध्याकाळी रिपोर्ट आला. प्रेशर छान, किडनी छान. बाबांनी कचोऱ्या आणल्या, समोरच्या क्वार्टरमध्येसुद्धा दिल्या आणि दारातूनच इंदुरी थाटात सांगितलं, "धार का डॉक्टर येडा है, भिया." समोरचे हसले, बाबा हसले, मीही हसले. दुसरं काय करणार होते? दोन दिवस जीव मुठीत धरून बसलेल्या माणसाला परत कुठल्या तोंडानं सांगायचं?

बाबा झोपायच्या खोलीत गेल्यावर आई माझ्याजवळ आली. "बघ, काही निघालं नाही."

"अगं, तुझं निघालं नाही. माझं कुणी बघितलंय?"

"हळू बोल," ती म्हणाली. तिचा चेहरा खरोखर हलका झाला होता. मला तेव्हा त्या घराचीच भीती वाटायला लागली.

रविवारी सकाळपासून डोकं फुटत होतं. इंदूरची मंडळी आली, पोहे झाले, चहा झाला. मुलाची आई बोलायला मोकळी होती. तिथेच पडलेलं एक मराठी मासिक तिनं माझ्या हातात दिलं. "जरा वाचून दाखव गं. हल्लीच्या मुलींना आपली मराठी वाचता येत नाही, म्हणून विचारते."

मी पान धरलं. मधोमध करडा डाग, कडेची अक्षरं हलणारी. पहिला शब्द कसाबसा सुटा सुटा वाचला आणि थांबले.

आई हसली. "हिंदी मीडियमची ना हो आमची. मराठी वाचताना अडखळते."

"आमच्याकडे तरी काय वेगळं," मुलाची आई म्हणाली आणि सगळी खोली हसली. मुलगासुद्धा हसला, समजूतदारपणे. झालं होतं. पसंती झालीय हे त्यांच्या बसण्यावरूनच कळत होतं. आता दिसत नाही यालाही घरात चांगलं कारण मिळालं होतं, आणि ते सगळ्यांना पटलं होतं.

फक्त बाबांना पटलं नाही. "अडखळते कशी?" ते म्हणाले. "रोज मला मराठी पेपर हीच वाचून दाखवत आलीय." त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते दुखावले होते. मराठी त्यांनी मला स्वतः शिकवली होती.

"मला वाचता येतं," मी म्हटलं. "दिसत नाहीये. धारला डोळे माझे तपासले, बाबा. ती चिठ्ठी माझी आहे."

मंडळी सभ्यपणे निरोप घेऊन गेली. "चल," एवढंच बाबा मला म्हणाले आणि स्कूटर काढली. रविवार असल्यामुळे शुक्रवारच्या डॉक्टरांच्या घरीच गेलो. त्यांनी एका दंडाला पट्टा बांधला, मग दुसऱ्या, मग परत पहिल्या, आणि बाबांना सांगितलं, आत्ताच्या आत्ता इंदूरला घेऊन जा. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी पुढे सांगितलं की दोन्ही किडन्या बऱ्याच खराब झाल्यात, उरलंय तेवढं जपायचं. गोळ्या तेव्हा सुरू झाल्या, त्या आजही चालू आहेत. नजर बरीचशी परत आली. स्थळ नंतर आलं नाही. मी शाळेत नोकरी धरली आणि त्याच कॉलनीत राहिले.

आई आणि मी त्या आठवड्याबद्दल कधी बोललो नाही. बाबा गेले, त्याच्या पुढच्या वर्षी एका दुपारी आम्ही मेथी निवडत बसलो होतो. तेव्हा तीच म्हणाली, "तू बोलली नसतीस तर मी लग्नाची तारीख काढली असती."

"माहीत आहे," मी म्हटलं. राग आला होताच. बारा वर्षांत तो गेला नव्हता.

"तुला सगळं माहीत नाही. त्या रविवारी सकाळी मी टेकरीवरच्या देवळात गेले होते. तू गप्प राहावीस म्हणून देवीला नवस बोलले." तिनं एक काडी मोडली. "त्यानंतर वर गेले नाही. कुठल्या तोंडानं जाऊ?"

नवरात्रात सगळी कॉलनी टेकरी चढायची आणि गुडघे धरलेत म्हणत आई घरी बसायची. मी दर वर्षी तिच्या गुडघ्यांना तेल चोळून द्यायचे.