कार्मेनचा उजवा गुडघा

गेममध्ये तिचं नाव कार्मेन होतं. काळीभोर वेणी, वय जेमतेम बावीस, पोटरीवर गोंदण. चेहरा कुणा चित्रकाराने काढला, नाव कुणा हुशार माणसाने सुचवलं. हात, पाय, कंबर आणि तो बॅकहँड मात्र यार्मिला हायकोवाचा. यार्मिलाने पन्नाशी गाठलेली होती, आणि चेक देशातल्या ब्रनो शहरात ज्या ऑफिसात हा टेनिसचा गेम बनायचा तिथेच ती दिवसभर बसून तो खेळायची. चुकतं कुठे, जमतं कुठे, हे सांगायचं. एवढंच काम.

एकेकाळी ती नदीकाठच्या क्लबाकडून जिल्ह्याच्या लीगमध्ये खेळे. मोठी खेळाडू वगैरे कधीच नव्हती, पण बॅकहँडचा तिचा स्लाइस सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होता. चेंडू वरून खाली असा कापायची, की लाल मातीवर पडल्यावर तो उसळायचाच नाही, सरपटत निघून जायचा. गेमवाल्यांनी अंगाला गोळ्या चिकटवून, कॅमेऱ्यांनी हालचाली टिपून तोच तिच्याकडून घेतला होता. मग गुडघा गेला. डॉक्टरने चिरला, शिवला आणि खेळ पुरे म्हणून सांगितलं. क्लबात दर वसंतात सगळे मिळून कोर्ट दाबतात, रोलर ओढतात, मग सॉसेज भाजतात. त्यालाही ती जाईनाशी झाली.  दुःख म्हणावं तर दुःखही नव्हतं. आतलं काहीतरी बधिर झालं होतं, आणि त्याची सवय झाली होती.

घोळ झाला तो त्या स्लाइसचाच. जगभरचे लोक इंटरनेटवरून एकमेकांशी खेळायचे आणि जो तो कार्मेनच घ्यायचा. घ्यायची आणि स्लाइसवर स्लाइस मारत सुटायचं. समोरच्याने कपाळ बडवून घ्यायचं. शिव्यांचा नुसता पाऊस पडत होता.

"काढून टाकू या," ऑफिसचा प्रमुख ओंद्रा म्हणाला. तो तिच्याहून वीस वर्षांनी लहान, पोरगेला, पण माणूस सरळ. जेवणाच्या सुट्टीत तो तिच्यासमोर येऊन बसला होता. दोघांच्या ताटात मसूर, उकडलेलं अंडं आणि आंबट काकडी. "दुसऱ्या कुणाचा तरी साधा स्लाइस घेऊ. यार्मिलाबाई, राग मानू नका."

"राग कशाला?" ती म्हणाली. आणि खरंच राग नव्हता. पण हा फटका गेला की आपलं म्हणावं असं कुठेच काही उरत नाही, हे तिला एखाद्या हिशेबासारखं कोरडं दिसलं. "पण मी असाच मारायचे. त्यात खोटं काय आहे?"

"खोटं नाही हो, तेच तर दुखणं आहे! खरा आहे, पण समोरच्याला संधीच नाही. तुमच्या लीगमध्ये बायका काय करायच्या मग?"

"वाट बघायच्या. मला किती वेळ वाकवतंय त्याची. तिसऱ्या सेटला वाकवत नसे."

ओंद्राने काटा खाली ठेवला. "मग कार्मेनला कसं वाकवतं?"

 चूक एवढी उघडी होती की इतकी वर्षं ती कुणाला दिसली नाही याचंच नवल. तिच्या हालचाली टिपल्या तेव्हा जमीन रबराची होती, चेंडू नव्हताच, ती हवेत रॅकेट फिरवत होती. प्रत्येक फटक्यानंतर कुणीतरी म्हणायचं, बसा, दम घ्या, थंडगार कोफोला प्या. फटका टिपला गेला. त्याची किंमत टिपायचं राहून गेलं. कार्मेन बया दिवसभर ताजीतवानी!

"मग थकवाही टिपा," यार्मिला म्हणाली. "स्लाइस मारत गेली की गुडघा आखडायला लागू दे. म्हणजे फटकाही राहील आणि समतोलही येईल."

"थकवा कुणाचा टिपायचा?"

"माझा. तयार आहे की."

ओंद्राचा चेहरा पडला. "अहो, नको. बरं नाही दिसत ते."

"हालचाली टिपायचा तो पोशाख अजून कपाटात आहे ना?"

घरी नवऱ्याला, लुबोशला सांगितलं तर तो हसला. "म्हणजे तुझं लंगडणं आता जगभर? मी तर समजत होतो, हा खेळ फक्त माझ्यासाठी आहे."

"सूप गार होतंय, खा."

"वाईट नाही वाटलं तुला?"

"नाही," ती म्हणाली, आणि ते खरं होतं. लुबोशला मात्र वाटलं. त्याने सूप पुढे ओढलं.

काळा घट्ट पोशाख आता कमरेत नुसता आवळत नव्हता, सरळ चावत होता. अंगभर राखाडी गोळ्या चिकटवल्या. ती वाकली, कापून मारलं, उठली. पुन्हा वाकली. शेवटी शेवटी उठताना उजव्या गुडघ्यातून कळ यायला लागली. मग चार पावलं पुढे धावायचं, वळायचं, परत यायचं.

"थोडं जास्त लंगडता येईल?" यंत्रापलीकडून ओंद्राने भीतभीत विचारलं.

"जास्त म्हणजे काय रे? आहे तेवढंच आहे."

नवी आवृत्ती बाहेर पडली आणि शिव्या थांबल्या. कुणीतरी लिहिलं, इतकं खरं टेनिस आजवर कुठल्याच गेममध्ये नव्हतं. ओंद्राने आईच्या हातचे गोड पाव वाटले. स्लाइस राहिला.

शेवटची तपासणी म्हणून यार्मिलाने एक साधी खेळाडू घेतली आणि समोर कार्मेन लावली. पहिला सेट कार्मेनने खाऊन टाकला. चेंडू सरपटत होता, तसाच, जसा तो लाल मातीवरून जायचा. दुसऱ्या सेटच्या मध्यावर कार्मेन उठताना किंचित अडखळली. यार्मिलाच्या बोटांनी विचारलंदेखील नाही. चेंडू हलकेच नेटजवळ टाकला. कार्मेन धावली, उशिरा पोचली. पुन्हा तिथेच. पुन्हा. लीगमध्ये हे सगळ्याच करत. समोरचीच्या गुडघ्याला पट्टी दिसली की चेंडू आखूड टाकायचा आणि सामन्यानंतर तिलाच बीअर पाजायची. यार्मिलालाही पाजली होती. तिने कधी मनाला लावून घेतलं नाही.

कार्मेन वाकली आणि गुडघ्यावर तळहात ठेवून क्षणभर तशीच थांबली. हे कुणी करायला सांगितलं नव्हतं. यार्मिलाच्या हालचालींबरोबर आपसूक टिपलं गेलं होतं. थांबावं असं यार्मिलाला वाटलं. ती थांबली नाही. पुढचा चेंडूही आखूडच टाकला, आणि त्याच्या पुढचाही, सामना संपेपर्यंत.

"काय?" मागे येऊन उभा राहिलेला ओंद्रा म्हणाला. "खरी वाटते ना आता?"

"वाटते," यार्मिला म्हणाली. "हिला हरवणं काही कठीण नाही."