फोनवर फुटलेले कोंब

माझं माहेर कोल्हारचं. तिथं प्रवरेकाठच्या आमच्या उसात लव्हाळा माजायचा आणि वडील तो खुरप्यानं काढून काढून थकायचे. पुढं मी नगरच्या घरामागं सिमेंटची टाकी बांधून घेतली आणि तिच्यात पपायरस लावला. ते बघायला वडील आले, तेव्हा त्यांनी टाकीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "आमी जल्मभर हेच उपटीत आलो, अन् तू टाकी बांधून लावती व्हय?"

त्यांचं खरंच होतं. पपायरस लव्हाळ्याच्याच कुळातला. दांडी दोन बोटांत धरून फिरवली की तीन कडा हाताला लागतात. मी शाळेत विज्ञान शिकवायची, तेव्हा मुलांना एक एक दांडी हातात देऊन डोळे मिटायला सांगायची. निवृत्तीनंतर टाकी हाच माझा वर्ग झाला. माझ्या डोक्याच्या वर गेलेल्या दांड्या, टोकाला हिरव्या दोऱ्यांचे झुपके आणि खाली पाण्यात डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे.

भिंतीपलीकडची शेजारीण माझ्याच शाळेत मराठी शिकवायची. वीस वर्षं आम्ही एका रिक्षातून शाळेत गेलो. पपायरसचा लहान भाऊ म्हणता येईल असं छत्रीचं झाड मी तिला दिलं होतं. त्याची टोकाची पानांची छत्री कापायची, पानं निम्मी छाटायची आणि छत्री उलटी पाण्यात ठेवायची. पंधरा-वीस दिवसांत मुळं फुटतात. तिच्या खिडकीतल्या बाटलीत पहिली मुळं दिसली, तेव्हा तिनं मला भिंतीवरून हाका मारून बोलावलं होतं.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आई पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. मी दोन महिने कोल्हारला भावाकडे राहिले. निघताना नवऱ्याला सगळं दाखवलं. नागापूरच्या कारखान्यात आयुष्यभर यंत्रं सांभाळलेला माणूस, त्यानं टाकीवर खडूनं पाण्याची खूण करून घेतली. रोज सकाळी त्याचा फोन यायचा. आईची चौकशी झाली की मी विचारायची, "झाड कसंय?"

"मजेत आहे. काल दोन नवे कोंब आलेत."

कधी तो कोंब वीतभर झाल्याचं सांगायचा, कधी झुपका उलगडायला लागल्याचं. आईची कूस बदलताना, तिला भरवताना मला त्या कोंबांचा आधार वाटायचा, हे आज लिहितानाही लाज वाटते. मी परतायच्या चार दिवस आधी तो म्हणाला, "उन्हानं झाड जळालं गं. दोन दिवस पाणी घालायचं राहिलं माझ्याकडून."

घरी आले तर टाकी कोरडी आणि घासून स्वच्छ केलेली. मी विचारलं, "गड्डे कुठंयत? वरचं वाळलं तरी गड्ड्यातून पुन्हा फुटतं."

"वास मारत होते. कचऱ्याच्या गाडीत दिले."

त्याचा चेहरा इतका उतरलेला होता की मीच त्याची समजूत घातली. संध्याकाळी शेजारीण चहा घेऊन आली. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "यंदा उन्हाळाच तसा होता." त्यानंतर कुणीही रोप मागितलं की मी सांगायची, नगरच्या उन्हात पपायरस टिकत नाही. मी, विज्ञानाची बाई.

त्याच वर्षी दिवाळीत शेजारणीची सून फराळाचं ताट घेऊन आली. ताट ठेवून घुटमळली.

"काकू, तुम्हाला थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं. मे महिन्यात बाळाला ताप होता, तेव्हा तुम्ही लगेच टाकी काढायला हो म्हणालात. गल्लीत डेंग्यू निघाला होता, मी फार घाबरले होते."

"मी हो म्हणाले?"

"काकांनी तुम्हाला फोन केला होता ना? सासूबाई म्हणाल्या तसं."

मी तिला लाडू दिला आणि बाळ कसंय ते विचारलं. साधा ताप निघाला, दोन दिवसांत उतरला, असं ती म्हणाली.

ती गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. नवरा चिवडा डब्यात भरत होता. मी विचारलं, "मे महिन्यात झाड उपटलं, तर जूनपर्यंत कोंब कुठून येत होते?"

त्यानं डबा खाली ठेवला. "तू तिकडं आईचं करत होतीस. तुला आणखी त्रास कशाला, म्हणून."

"झाड काढलं ते समजू शकते. कोंब कशाला सांगितलेस?"

"तू विचारायचीस रोज," तो म्हणाला.

तशीच मी शेजारी गेले. ती रांगोळी पुसत होती. माझ्याकडे बघताच तिला कळलं.

"मला फोन का नाही केलास?" मी विचारलं.

"तू मासे अळ्या खातात हे समजावत बसली असतीस. मला बाळ तापलेलं दिसत होतं."

"बाळाचं सांगितलं असतंस तर मीच काढ म्हणाले असते."

तिनं फडकं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "म्हणाली असतीस की नाही, मला खात्री नव्हती."

वीस वर्षांनंतर तिला माझी खात्री नव्हती. झाडापेक्षा, त्या खोट्या कोंबांपेक्षाही मला हे लागलं. तिच्या मागं खिडकीत माझं छत्रीचं झाड पाण्याच्या बाटलीत हिरवंगार उभं होतं. मी ते मागितलं नाही.

आमचं बोलणं बंद पडलं नाही. भाजीवाला आला की दोघी बोलतो, सणाला ताटं जातात-येतात. नवराही आता साध्या साध्या गोष्टी आपणहून सांगतो, दूध नासलं, कप फुटला. मी ऐकते, आणि स्वयंपाकघरात जाऊन कप मोजते.

गेल्या वर्षी रोपवाटिकेतून पपायरसचा नवा गड्डा आणला. या खेपेला मोठ्या टबात, गच्चीवर लावला. आईकडे जायला निघाले की गच्चीला कुलूप लावते. परवा निघताना नवरा म्हणाला, "किल्ली ठेव ना. पाणी घालीन."

"टब काठोकाठ भरलाय," मी म्हणाले. "चार दिवस पुरेल." आणि किल्ली पर्समध्ये टाकली.