गोदाकाठची भिजलेली मोटार

निजामाच्या अमलात नदीची मोजणी करायला हैदराबादहून एक इंजिनिअर साहेब गेवराईकडच्या गोदाकाठी आले होते. त्यांच्या नावेच्या मागच्या टोकाला पेट्रोलवर चालणारी मोटार बसवलेली होती. मोजणी अर्धवट टाकून साहेब हैदराबादला गेले आणि नावेच्या राखणीला मी एकटा उरलो. बायको आदल्या साली प्लेगात गेलती, त्यामुळे घराची ओढ नव्हती.

एका दुपारी मी दळण आणायला गावात गेलो आणि अवकाळी पाऊस कोसळला. परत येऊन पाहतो तर मोटारीवरचं मेणकापड वाऱ्यानं उडालेलं. कितीदा मोटारीची दोरी ओढली, पण मोटार सुरू होईना. घाबरून मी गेवराईच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना घेऊन आलो.

त्यांनी प्लग काढून पुसला आणि चुलीच्या उबेला ठेवला. दोरी ओढून ओढून आतलं पाणी बाहेर काढलं, मग चार थेंब तेल सोडलं. प्लग परत बसवल्यावर मोटार धडधडली.

"पाऊस थांबला की कापड काढत जा," ते म्हणाले. "कापडाखाली वल ऱ्हायली तर लोखंड लई गंजतंय."

महिनाभरात माझ्याशी निवांत बोललेलं ते एकच माणूस. मी त्यांना भाकरीला थांबवून घेतलं.

पुढं मी रोज मोटार पुसली. शेवटी एक शिपाई बैलगाडी घेऊन आला. साहेबांची बदली झाली होती.

"माझ्यासाठी काही निरोप हाय का?" मी विचारलं.

"न्हाई," तो म्हणाला आणि मोटार गाडीत चढवायला लागला. मी दुसऱ्या बाजूनं हात लावला.