शुक्रवारी भरलेला वर्ग

तेहेतीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातलं निम्मं आता आठवतही नाही. पण अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतलं एका टाकीचं प्रकरण काही केल्या डोक्यातून जात नाही. त्यात ना सुरा होता ना पिस्तूल. होतं एक हजेरीचं रजिस्टर, आणि त्याच्यावर विसंबून मी एका निर्दोष माणसाला कोर्टात उभं करायच्या बेतात होतो. नावं कुणाचीच सांगणार नाही. ज्यांचं त्यांना कळेल.

त्या ठाण्यात बदलून येऊन मला जेमतेम सहा आठवडे झाले होते. सकाळी अकराच्या सुमारास फोन आला, कंपनीत माणूस टाकीत पडला. कंपनी फर्नेस ऑइल आणि सॉल्व्हंट साठवून टँकरने पुढे पाठवायची. एक मोठी टाकी रिकामी केली होती आणि तळाचा गाळ काढायला ठेकेदाराची माणसं लावली होती. त्यातला एक जण मॅनहोलमधून शिडीने आत उतरला आणि दोन मिनिटांत खाली कोसळला. अग्निशमन दलाच्या जवानांनी तोंडाला हवेचे मास्क लावून त्याला बाहेर काढलं, पण तोवर सगळं आटोपलं होतं. तिशीतला तगडा गडी होता. अंगावर एक ओरखडा नव्हता.

टाकी रिकामी दिसते, पण रिकामी नसते. तेलाची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाला बसून राहते आणि माणसाला श्वास पुरत नाही. म्हणून कायदा सांगतो की आतली हवा यंत्राने तपासल्याशिवाय आणि लेखी परवाना दिल्याशिवाय कुणालाही आत उतरवायचं नाही, बाहेर दोर धरून माणूस उभा पाहिजे, आणि या सगळ्याचं प्रशिक्षण कामगाराला आधी दिलेलं पाहिजे. त्या दिवशी ना यंत्र लागलं होतं, ना परवाना होता.

टोळीचा मुकादम वांगणीच्या पलीकडच्या गावचा होता. पावसाळ्यात भातशेती, बाकीचे दिवस हे काम. मेलेला माणूस त्याच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचा नवरा. यानेच त्याला कामाला आणलेलं. शवविच्छेदनाच्या वेळी रुग्णालयाच्या व्हरांड्यात त्या बाईने माझ्यादेखत भावाची गचांडी धरली. "तू वर उभा राहून बघत व्हतास! त्याच्या मागं का नाय उतरलास?" त्यानंतर तिने त्याच्याशी बोलणंच टाकलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या मॅनेजरने एक जाडजूड रजिस्टर माझ्या टेबलावर ठेवलं. सुरक्षा प्रशिक्षणाचे पाच वर्ग, पाच तारखा, विषय, शिक्षकाची सही आणि खाली कामगारांच्या सह्या. पाचही पानांवर मुकादमाची सही होती. मॅनेजर म्हणाला, "साहेब, आम्ही पाच पाच वेळा शिकवलं. परवान्याशिवाय माणूस उतरवायचा नाही हे त्याला पाठ होतं. तरी त्याने उतरवला. आता कंपनी काय करणार?"

कागद चोख होता. गुन्हा दाखल झाला, कलम ३०४ अ, निष्काळजीपणाने मृत्यू, आरोपी मुकादम. म्हणजे मेहुण्याच्या मरणासाठी हा तुरुंगात जाणार, आणि बहीण आयुष्यभर सांगायला मोकळी की याला सगळं ठाऊक असून याने माझा नवरा मारला.

मी त्याला समोर बसवला. आम्हाला कुणी काही शिकवलंच नाही, एवढंच तो पहिल्यापासून म्हणत होता. रजिस्टर उघडून विचारलं, "ही सही कुणाची?"

"माझी."

"ही?"

"ती पण माझीच. पाची माझ्या."

"मग शिकवलं नाही म्हणतोस ते कसं?"

"सायेब, गेट पास करताना हापिसात कागुद देतात. इथं कर, इथं कर. आमी करतो. नाय केली तर पास नाय, पास नाय तर काम नाय. वर काय लिवलंय का नाय ते कोण बघतो?"

मी भडकलो. म्हटलं, "गाढवा, न वाचता सही करतोस? उद्या कुणी मरणाच्या कागदावर घेईल!" मी त्याला असा झाडत असतानाच आमचे हवालदार एक कागद घेऊन आत आले. ठाण्यात अग्निशामक सिलिंडर वापरण्याचं प्रशिक्षण झाल्याचा कागद होता, वर पाठवायचा होता. मी बोलता बोलता सही ठोकली. हवालदार उगाचच खोकले. मान वर केली तर मुकादम त्या कागदाकडे बघत होता. तसलं प्रशिक्षण आमच्याकडे कधी झालंच नव्हतं. लाज वाटली, खरं सांगतो. त्या दिवशीची चौकशी मी तिथेच थांबवली.

चारेक दिवसांनी ठाण्याच्या फोनवर एक माणूस बोलला. "साहेब, सह्या असली हैं, क्लास झालाच नाय. तारखा नीट बघा." एवढं बोलून त्याने फोन ठेवला. नंबर शहाड स्टेशनजवळच्या एका दुकानातला निघाला, माणूस शेवटपर्यंत सापडला नाही. मी कॅलेंडर घेऊन पाचही तारखा ताडून पाहिल्या. एकही रविवार नाही, दिवाळी नाही, गणपती नाही, पंधरा ऑगस्ट नाही. म्हटलं, कुणीतरी खार खाऊन उठलाय. हस्ताक्षर तज्ज्ञानेही सह्या खऱ्या असल्याचा अभिप्राय दिला. दोषारोपपत्राचा मसुदा करायला घेतला.

मसुद्यात टाकीचं माप हवं होतं, म्हणून एका सकाळी जीप काढून एकटाच कंपनीत गेलो. गेटला कुलूप. आजूबाजूच्या कंपन्याही बंद, रस्त्यावर एक टेम्पो नाही. मी हॉर्न वाजवत बसलो. शेवटी वॉचमन दात घासत बाहेर आला.

"कंपनी बंद का रे? संप आहे का?"

तो हसला. "साहेब नवीन दिसता. आज शुक्रवार ना! इथं सुट्टी शुक्रवारची असते, रविवारी काम चालू."

विजेचा भार वाटून घ्यायला प्रत्येक भागातल्या कारखान्यांना वेगळा वार देण्याची जुनी पद्धत आहे, आणि आमच्या भागाचा वार शुक्रवार. एवढे दिवस तिथे नोकरी करून मला त्याचा पत्ता नव्हता. माझ्या डोक्यात सुट्टी म्हणजे रविवार!

ठाण्यात येऊन पुन्हा कॅलेंडर उघडलं. पाच वर्गांपैकी तीन शुक्रवारी भरले होते. हवालदार शेजारच्या बदलापूरचे, तिथेच लहानाचे मोठे झालेले. त्यांना दाखवलं तर कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो साहेब, शेंबडं पोरसुद्धा सांगेल हे! मला विचारायचं नाही का?" माझंच नाक कापलं गेलं होतं. लगेच पंच घेतले आणि वॉचमनकडची गेटची नोंदवही पंचनामा करून ताब्यात घेतली. त्या तिन्ही शुक्रवारी वॉचमनची पाळी बदलल्याची नोंद होती, बाकी पान कोरं. कामगार राहू दे, शिक्षकही गेटातून आत आलेला नव्हता.

आता शिक्षकाला बोलावलं. कारखान्यांची सुरक्षेची कागदपत्रं करून देणारा सल्लागार होता, ऑफिस दादरला. इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. मी चहा मागवला आणि वर्ग कसे घेतले ते विचारलं. गडी सुरू झाला. पडद्यावर चित्रं दाखवली, मास्क लावून दाखवला, कामगारांनी प्रश्न विचारले. मी मान डोलवत ऐकत होतो. नोकरीत एक शिकलो होतो की खोटं बोलणाऱ्याला अडवू नये, त्याला भरपूर जागा द्यावी.

मग म्हटलं, "सगळं छान आहे हो. फक्त तुम्ही सुट्टीच्या दिवशी वर्ग घेतलेत, तेवढंच खटकतं."

तो ताडकन म्हणाला, "शक्यच नाही साहेब! मी एकूणएक रविवार वगळलेत."

वर्ग घेणारा माणूस वर्ग घेतो, रविवार वगळत बसत नाही. हवालदारांनी त्याच्यापुढे कॅलेंडर सरकवलं आणि शांतपणे म्हणाले, "इथली सुट्टी शुक्रवारची." त्याने तारखांवर बोट ठेवत एक, दोन, तीन मोजले. मग त्याने सगळं कबूल केलं. कोरे कागद सह्यांसह कंपनीतून आले होते, वरचा मजकूर त्याने दादरला बसून भरला होता. वर्षाचे वर्ग एका दुपारीत. तो म्हणाला, "सगळीकडे असंच चालतं साहेब." मी म्हटलं, "तेच तर लिहून द्या."

दोषारोपपत्र पुन्हा लिहिलं. मॅनेजर, ठेकेदार आणि सल्लागार आरोपी झाले, बनावट दस्तऐवजाची कलमं वाढली. मुकादमाचं नाव वगळण्याचा अहवाल कोर्टात दिला आणि त्याला साक्षीदार केला. खटला अजून चालू आहे, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही. एवढंच सांगतो की सुरक्षेचे कायदे आपल्याकडे कमी नाहीत. ते वाचायला घेतले तर थक्क व्हाल, एवढ्या बारकाईने लिहिलेत. पण शिकवणं हे काम कुणालाच काम वाटत नाही, सही हेच काम वाटतं. मलाही तसंच वाटत होतं, आणि मी तर वर्दीत होतो.

पुरवणी जबाबासाठी मयताच्या बायकोला ठाण्यात बोलावलं होतं. सासरा सोबत होता. मुकादमही त्याच दिवशी सहीला आला होता, तो बाहेर बाकावर बसला. बहीण त्याच्या समोरून आत आली, पण तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

तिला अग्निशमन अधिकाऱ्याचा जबाब वाचून दाखवायची मला खरं तर गरज नव्हती. पण दाखवला. त्यात लिहिलं होतं की अशा टाकीत एक माणूस पडला की मागून मास्कशिवाय उतरणारा हमखास मरतो, आणि जागेवरच्या कामगारांनी त्याला सांगितलं होतं की त्या दिवशी मुकादमाने दोनदा मॅनहोलात पाय घातला होता, सोबतच्यांनी त्याला ओढून आडवा पाडला म्हणून तो वाचला.

मग तिने विचारलं, "म्हंजे दादा उतरला असता, तर तो पण गेला असता?"

"हो."

"आनि दादाला हे कुनी सांगितलंच नव्हतं?"

"तेच शिकवायचं होतं, बाई. तोच वर्ग झाला नाही."

तिने स्वतःच्या जबाबावर सही करायला पेन उचललं, मग ठेवलं. म्हणाली, "आधी वाचून दाखवा." मी अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवला. तिने सही केली आणि ती बाहेर गेली.

मी दारात उभा होतो. ती भावासमोर जाऊन थांबली. चार महिने एक शब्द नव्हता दोघांत. तो मान खाली घालून बसलेला, बहुतेक आणखी शिव्या ऐकायच्या तयारीने.

"नाय उतरलास ते बरं केलंस, दादा," ती म्हणाली.

एवढ्या चौकशा झाल्या, मी त्याला काय काय बोललो होतो, पण त्याच्या डोळ्यांत कधी पाणी आलं नव्हतं. आता तो गुडघ्यांत डोकं घालून हमसाहमशी रडायला लागला. ती त्याच्या शेजारी बाकावर बसली. हवालदार पुढच्या केसचा कागद घेऊन येत होते, त्यांना मी हातानेच थांबवलं.