सिस्टरांनी भिजवलेला चिया

सिस्टर समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत नसत, गळ्याकडे बघत. "माणूस खोटं बोलू शकतो, खोटं गिळू शकत न्हाई," असं म्हणत. कुरुंद्याजवळच्या आमच्या गावात त्या सोळा वर्षं नर्स होत्या. निम्मी लेकरं त्यांच्या हातावर जन्मली. तरी आमच्या घरी त्या ओसरीपर्यंतच यायच्या. त्या बौद्ध; त्यांच्या घरचं पाणी माझ्या वडिलांना, अण्णांना, चालत नसे. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं.

एका साली आम्ही हळद कमी करून चिया पेरला होता. बी घरात आलं आणि मोबाइलवर 'तब्येतीला चांगलं' असं काहीबाही पाहून मीच अण्णांना चमचाभर कोरडं बी दिलं, वर पाणी. पाचेक मिनिटांत त्यांनी छाती दाबून धरली. थुंकीसुद्धा उतरेना. भाऊ पाण्याचा तांब्या घेऊन धावला, मी सिस्टरांकडे पळाले.

त्या थेट आत शिरल्या आणि भावाच्या हातातला तांब्या हिसकावला. "पाणी नका देऊ! बी आतमंदी फुगून राहिलंय. अण्णा, दम घेता येतो का? नुसती मान हलवा."

अण्णांनी मान हलवली. त्यांना ताठ बसवून आम्ही गाडीनं नांदेडला निघालो. मागच्या सीटवर सिस्टरांनी त्यांचं कपाळ धरलं होतं, हनुवटीखाली वाटी. भाऊ गाडी चालवताना मला सारखा विचारत होता, "काहून दिलंस? काहून?"

"दोष मागून काढा," सिस्टर म्हणाल्या. "आता रस्त्याकडं बघा."

डॉक्टरांनी दुर्बीण घालून बियांचा चिकट गोळा काढला. अण्णा वाचले, पण घासाला भिऊ लागले. गळा बरा झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं तरी पेज आणि ताक, एवढंच. महिनाभरात गळ्याची हाडं वर आली. आई रोज भरलं ताट तसंच परत नेत होती. माझ्याशी घरात कुणी धड बोलत नव्हतं.

एके दुपारी सिस्टर स्टीलचा डबा घेऊन आल्या. "तेच बी हाय," त्यांनी आधीच सांगितलं. उकळून गार केलेल्या पेलाभर शेळीच्या दुधात सकाळीच दोन चमचे चिया आणि चिमूटभर वेलची घातली होती. दहा मिनिटांनी पुन्हा ढवळलं, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मग झाकून ठेवलं. शेवटी गूळ. शिजवायचं काही नाही. "जेवढं फुगायचं तेवढं भांड्यातच फुगलं. आता गळ्यात फुगायला काही उरलं न्हाई."

त्यांच्या घरचं, त्यांच्या हातचं, आणि वर तेच बी. अण्णा डब्याकडे बघत राहिले.

"मी हाय इथं," सिस्टर म्हणाल्या.

पहिला चमचा अण्णांनी बराच वेळ तोंडात धरला. कपाळावर घाम आला. सिस्टर त्यांच्या गळ्याकडे बघत होत्या. मग तो गळा हलला. आई भिंतीला टेकून खाली बसली. डबा अर्धा झाल्यावर अण्णा खालच्या आवाजात म्हणाले, "चव चांगली हाय."

निवृत्तीनंतर सिस्टर कळमनुरीला त्यांच्या भावाकडे राहायच्या. गेल्या वर्षी त्या वारल्या. फोन येताच अण्णा माझ्या भावाला म्हणाले, "गाडी काढ." तिथं त्यांनी पुढं होऊन खांदा दिला. आमच्या भावकीतले दोघं रस्त्याकडेला उभं राहून बघत होते. अण्णांनीही त्यांना पाहिलं. थोड्या वेळानं खांदा बदलायला सिस्टरांचा भाचा पुढे आला.

"ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले. "अजून थोडं चालतो मी."