खचलेला कोबा

तिहोमीरच्या गॅरेजमध्ये गाडी शेवटची कधी उभी राहिली, हे गल्लीत कुणाला आठवत नाही. तिथे आंबवलेल्या कोबीची पिंपं असतात, लाकडं असतात, आलुबुखारची दारू गाळायची भट्टी असते. सणाची टेबलंही तिथेच मांडतात. मागच्या दारातून थेट स्वयंपाकघरात जाता येतं, आणि नेमका त्या दारापाशी कोबा तडकून वीतभर खचला होता. दर वसंतात तिहोमीर भेगेत सिमेंट भरायचा, हिवाळा सरला की भेग पुन्हा उघडायची. "राहू दे, आपण दोघंच तर आहोत," असं त्याची बायको देसांका म्हणायची.

पण या उन्हाळ्यात ती पडली, खुब्याचं हाड मोडलं. आता शुक्रवारी ती चाकाच्या खुर्चीत घरी यायची होती. पुढच्या दाराला उंच पायऱ्या. आत जायला वाट उरली ती गॅरेजची, आणि त्या खड्ड्यातून खुर्ची जाणं शक्य नव्हतं.

सोमवारी त्याने घण उचलला. सत्तरी उलटलेली, खांदे वीटभट्टीत झिजलेले. चार घाव घालायचे, मग पिंपाला टेकून दम खायचा. शेजारचा ओब्राद थोडा वेळ कुंपणावरून बघत राहिला, मग पहार घेऊन आला.

"तुला कुणी बोलावलं?"

"इर्जिकेला बोलावलं होतंस की. ते काम अजून चालूच दिसतंय."

हा कोबा कित्येक वर्षांपूर्वी इर्जिकेतच झाला होता. तेव्हा अख्खी गल्ली आली होती. मजुरी कुणी घेत नसे, घरधन्याने खाऊपिऊ घालायचं, बस. आणि आलेल्याला 'नीट कर' असं घरधनी कधी म्हणत नसे. कामावरून बोलायला आलेला माणूस काही नोकर नव्हता. त्या दिवशीच्या माणसांपैकी आता हे दोघंच उरले होते.

तुकडे उचलले तशी खाली पोकळी दिसली. वीटभट्टीतून आणून भरलेली राख पन्हळीच्या पाण्याने वाहून गेली होती.

ओब्राद वाकून बघत म्हणाला, "राख ठोकून धुम्मस कुणी केली होती रे?"

"तू."

"आणि ती अर्धी झाली नाही तोच, कोकरू भाजून झालं म्हणून हाक कुणी मारली?"

"मी."

यावर हसायला दोघांनाही दम नव्हता.

राख उपसण्यात दोन दिवस गेले. पन्हळ अंगणाकडे वळवली. मग विटांचे तुकडे आणि खडी थराथराने भरून ठोकायला लागले. गुरुवारी दुपारी ओब्राद म्हणाला, "पुरे. ओतूया आता. उद्या ती येतेय, तोवर थोडं तरी धरेल."

तिहोमीरने टाच दाबून पाहिली. खडी हलली.

"नाही. आणखी ठोक."

असं तो आयुष्यात कुणाला म्हणाला नव्हता. ओब्रादने धुम्मस खाली ठेवली, हात पुसले आणि निघून गेला. तिहोमीरने ती उचलून पाहिली, तीन-चारदा आपटली आणि खाली बसला. हाक मारावी असं त्याला वाटलं, पण काय म्हणून मारायची ते सुचेना.

तासाभराने ओब्राद परत आला. "जेवून आलो. या वेळी तू काही जेवायला हाक मारणार नाहीस, हे कळलं. सरक."

अंधार पडेपर्यंत दोघांनी आळीपाळीने ठोकलं. काँक्रीट शुक्रवारी सकाळी पडलं आणि दुपारी देसांका आली. फाटकातून तिने ओला कोबा पाहिला.

"मग मी कुठे जाऊ?"

"फळी टाकतो, उचलून नेतो," ओब्राद म्हणाला.

तिहोमीरने ओब्रादच्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. "नको. आठवडाभर यावर कुणी पाय ठेवायचा नाही. ओब्रादकडे राहा, तिथे पायऱ्या नाहीत."

"लग्नाला इतकी वर्षं झाली आणि आत्ता घराबाहेर काढतोस मला."

"आठवडाभरच गं."

तीही थकली होती. ओब्रादच्या बायकोने खुर्ची आपल्या घराकडे वळवली.

तिहोमीर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ कोब्यावर पाणी मारत राहिला आणि उभ्याउभ्याच पाव-चीज खात राहिला. पुढच्या शनिवारी त्याने खुर्ची आणली. ती गॅरेजमधून गेली आणि न अडता उंबरा ओलांडून आत शिरली. देसांकाने स्वयंपाकघरभर नजर फिरवली.

"भांडी तशीच आहेत."

"हो," तो म्हणाला आणि उंबऱ्यावरच बसला. "जरा बसू दे."

"बस," ती म्हणाली. खुर्ची तिने स्वतःच नळाकडे वळवली.